पहिला नग

माझा रविराज चोर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कुरुळीत लोकांना अर्धं ऐकून पुढं पळायची खोड आहे.

आमच्या हरिहर साहेबांच्या वर्कशॉपात पदकं बनतात. मी पॅकिंगला, पोरगा पदकं ठोकायच्या प्रेसवर. नवी डाय, म्हणजे पदकाचा साचा, प्रेसवर चढली की साहेब स्वतः नारळ फोडतात आणि प्रेसमधून निघालेला पहिला नग ऑपरेटरच्या हातावर ठेवतात. "जा, भैरवनाथाला ठेवून ये." आमचे हे प्रेसवर होते तेव्हापासूनची रीत. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

या खेपेला पोरींच्या स्पर्धेसाठी ऑर्डर आली युरोपातल्या एका देशाच्या फुटबॉल संघटनेची. तिथला सगळा फुटबॉल म्हणे तीच चालवते, पोरींच्या स्पर्धांपासून पंचांपर्यंत. देशाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, आम्ही आपले 'फुटबॉलवाले' म्हणायचो. त्यांची अट एकच, पण कडक. ठरली तेवढीच पदकं बाहेर जायची, बिघडलेला नगसुद्धा कॅमेऱ्यासमोर चेपायचा. जास्तीचं पदक बाजारात विकायला आलं, तर घाम गाळून जिंकलेल्या पोरींची काय किंमत राहिली? बरोबरच आहे त्यांचं. साहेबांनी मान डोलावली, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी नारळ फोडून पहिला नग रविराजच्या हातावर ठेवला. सवय हो! हात काय डोक्याला विचारून चालतो?

माल भरून झाला तसा फुटबॉलवाल्यांनी प्रेसवरच्या ठोके मोजणाऱ्या काउंटरचा फोटो मागवला. ठोकलेल्या नगांपेक्षा भरलेले आणि चेपलेले मिळून एकानं कमी. त्यांची बाई कॉम्प्युटरवर बोलायला आली, एक कुठं गेलं म्हणाली.  ऑर्डर जाईल या भीतीनं साहेब बोलून गेले, "ऑपरेटरनं चोरलं."

हे मला सलोनीनं सांगितलं, साहेबांच्या मुलीनं. ऑफिस तीच बघते. सांगताना तिची मान वर होत नव्हती.

रविराजला गेटवरूनच परत पाठवलं. संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा! दळण आणायला गेले तर गिरणीवाली विचारते, "सोन्याचं होतं का गं?" माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

घरी हा भिंतीकडं तोंड करून पडलेला. "देवाला दिलेलं मी आणणार नाही, आई. ते कुठंय, साहेबांना माहीत आहे."

"अरे, माहीत आहे म्हणूनच तर तुझ्यावर ढकललं!"

मग मीच देवळात गेले. खंडू गुरव आडवा आला. "मंजुळाबाई, देवाच्या पायावरचं उचलू नका."

"देवाला पदकावाचून चालतं, खंडूभाऊ. माझ्या पोराला नावावाचून चालत नाही."

पदक उचललं. देवाची माफी मागितली, तिथंच बसून रडले, आणि पदक पदराला बांधून निघाले. दुपारी ती बाई परत बोलणार आहे, हे सलोनीकडून कळलं होतं. तडक ऑफिसात घुसले. ती बाई कॉम्प्युटरवर दिसतच होती. पदक टेबलावर ठेवलं, शेंदरासकट.

"सलोनी, सांग तिला. नारळ कुणी फोडला, नग कुणी दिला. एक अक्षर गाळू नकोस."

"मंजुळाबाई, बाहेर व्हा," साहेब ओरडले.

मी हलले नाही. सलोनीनं बापाकडं पाहिलं, मग बोलायला लागली. इंग्रजी मला कळत नाही, पण साहेबांचा चेहरा जसा उतरत गेला, तसं समजलं की पोरगी खरं बोलतेय.

त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. तिचं म्हणणं सलोनीनं मराठीत सांगितलं: हिशोब लागला, ऑर्डर राहील. हा नग मात्र कॅमेऱ्यासमोर चेपा. अशी काही रीत असेल तर पुढच्या वेळी आधी विचारा.

बास! एवढ्यावर मिटणार होतं. त्यासाठी माझ्या पोराला चोर केलं!

रविराजला बोलावलं. त्यानं पदकावरचा शेंदूर पुसला, पदक कपाळाला लावलं आणि प्रेसखाली ठेवलं. एका ठोक्यात चपटं झालं.

"चला, विषय संपला," साहेब हसले. "रवी, उद्यापासून ये."

माफीचा एक शब्द नाही. जिभेवर आलं होतं माझ्या, पण रविराज "येतो" म्हणाला आणि मी गिळलं. पोट आहे ना मागं.

काल नवी डाय चढली, इथल्याच एका शाळेच्या पदकांची. साहेबांनी नारळ फोडला. पहिला नग उचलून नेहमीसारखा पुढं केला.

"जा रवी, भैरवनाथाला ठेवून ये."

रविराजनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. साहेबांनी पॉलिशवाल्या ज्योतीरामकडं पाहिलं, त्यानंही घेतले. मग माझ्याकडं पाहिलं. 

म्हटलं, "साहेब, भैरवनाथ काही लांब नाही. या खेपेला तुम्हीच जाऊन या."