अरविंदचं हेल्मेट

सुजातामावशींनी आजही प्रभुभोजनाचं ताट हातात घेतलं, भाकरीकडे क्षणभर पाहिलं आणि तसंच शेजारणीकडे सरकवलं.

दुसऱ्या बाजूला बसलेल्या तेजश्रीने ते पाहिलं. समोरच्या फ्लॅटमधल्या या मावशींना हाताला धरून नारायणगुड्याच्या चर्चला आणणं हे त्यांच्या अरविंदचं काम. तो गेल्यापासून तेजश्रीचं. पहिल्यांदा ताट असं पुढे गेलं, तेव्हा तिने भाबडेपणाने विचारलं होतं, "मावशी, उपास आहे का?"

तसल्या दुःखातही मावशी हसल्या होत्या. "अगं हौले, वेडी कुठली! मनात कुणाबद्दल अढी असली की येशूच्या आठवणीची ही भाकर घ्यायची नसते."

कुणाबद्दल, हे विचारायलाच नको. सिग्नल तोडून बाइक दामटणारा तेजश्रीचाच दादा होता. ओमकार. मागे बसलेला अरविंद, त्याचा जिगरी दोस्त, जागच्या जागी गेला. तेव्हापासून दादा धड जेवत नाही, गाडीचं कव्हर काढत नाही, जिन्यात मावशींची चाहूल लागली की आत पळतो. आणि अख्ख्या बिल्डिंगला सलाम करणाऱ्या मावशी त्याला तेवढा करत नाहीत. दादा असाच वाळून जाणार, या भीतीने तेजश्रीचं कशातच लक्ष लागत नव्हतं.

पण आज मावशी उभ्याच राहिल्या. भर उपासनेत! "चल," म्हणाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी अशा निघाल्या की तेजश्रीला धावावं लागलं.

घरापाशी तेजश्रीने ऑटो थांबवून ठेवला. मावशी आधी आपल्या घरातून अरविंदचं हेल्मेट घेऊन आल्या. त्या दिवशी 'इथंच तर जायचंय' म्हणत तो ते खुंटीवरच ठेवून गेला होता. मग त्यांनी समोरची बेल दाबली. दार ओमकारनेच उघडलं आणि पांढराफटक पडला.

"सलाम, ओमकार."

त्याने वाकून त्यांचे पाय धरले. "मावशी, मी... मला..."

"ऊठ. माझा राग गेलेला नाही. देवाच्या दारातून आलेय, खोटं कशाला बोलू? पण मी तुला माफ करतेय. उद्या सकाळी उठून परत माफ करावं लागेल. येशूने खिळे ठोकणाऱ्यांना माफ केलं, तेव्हा खिळे दुखत होतेच ना?" त्यांनी जिन्याकडे बोट केलं. "गाडी काढ. मला चर्चला सोड."

"मला नाही जमणार, मावशी."

"अरविंद नाही, मग मी आता कुणाच्या मागे बसू?"

ओमकारने कव्हर ओढलं. मावशी हेल्मेट घालून अरविंदच्या जागी बसल्या. "हळू चालव. माझा पोरगा मला वर भेटणारच आहे, पण आज घाई नाही."

तेजश्रीने ऑटोत उडी मारली. "भय्या, उस गाडी के पीछे! मगर हल्लू!"

सिग्नल पिवळा होताच ओमकार थांबला. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. मावशी ढिम्म.

चर्च रिकामं झालं होतं. पाळक ताटावर पांढरं फडकं घालत होते. त्यांनी मावशींचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता फडकं बाजूला केलं. मावशींनी भाकर तोंडात घातली आणि अरविंद गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. जेमतेम पाच फुटांची बाई, पण तेजश्रीला वाटलं, हिच्यापुढे घंटेचा मनोराही बुटका आहे!

दारात ओमकार अरविंदचं हेल्मेट छातीशी धरून उभा होता. डोळे पुशीत मावशी त्याच्यापाशी आल्या.

"घरी सोड. आणि दुपारी माझ्याकडे जेवायला ये. धड जेवायचं, कळलं?"