कोपराखाली चार बोटं

संचिताने दोन्ही पाय फाकवले, गुडघे किंचित वाकवले आणि रात्रीची पोळी लाटायला घेतली. पहिल्याच गोळ्यावर जोर दिला तशी कमरेत ओळखीची कळ आली. तिने लाटणं थांबवलं नाही. दारातून सुदेशने डोकावलं.

"जिराफ पाणवठ्यावर आलेलं दिसतंय."

"जिराफ लाथपण मारतं."

सुदेश हसत दोन पावलं मागे सरकला. हा विनोद त्यांच्या लग्नाइतका जुना होता, आणि ओटा लग्नाहून जुना. काळ्या कडप्प्याचा. सिंकजवळ चिरलेला, चीर पुन्हापुन्हा एम-सीलने बुजवलेली. खाली फुलाफुलांचा पडदा, पडद्यामागे सिलिंडर आणि तांदळाचा डबा. एक्झॉस्टच्या भोकाला पुठ्ठा लावलेला. भिंतीत प्लग एकच, त्यामुळे मिक्सर लावायचा तर आधी फ्रिज बंद करायचा आणि नंतर तो आठवणीने सुरू करायचा. ती आठवण न राहिल्यामुळे घरात आजवर बरंच दूध नासलं होतं.

पण खरी अडचण उंचीची होती. सासऱ्यांनी डोंबिवलीत हे घर घेतलं तेव्हा मिस्त्रीने सासूबाईंना, वासंतीबाईंना, भिंतीशी उभं केलं होतं आणि त्यांच्या कोपराखाली चार बोटं धरून ओट्याची रेघ मारली होती. तेव्हा तशीच रीत होती. घरातली बाई केवढी, तेवढा ओटा. वासंतीबाई लहानखुऱ्या. संचिता उंच, माहेरी माळ्यावरचं काही काढायचं असलं की सगळे तिलाच हाक मारायचे. सासरी आल्यापासून ती त्या ओट्यापुढे वाकतच होती.

ओटा बदलायला कुणाची ना नव्हती. पण सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार होती. त्यांची मुलगी सान्वी बालवाडीत होती तेव्हापासून सोसायटी जाणार होती, आणि आता सान्वी कॉलेजात होती. उद्या पाडायच्या घरावर आज कशाला हात फिरवायचा, असं म्हणत सगळ्या बिल्डिंगनेच गळके नळ, फुटक्या लाद्या आणि कुजलेल्या चौकटी सांभाळल्या होत्या. "नव्या घरात" हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. नव्या घरात चिमणी लावू. नव्या घरात ट्रॉल्या करू. संचिता ठाण्याला ज्या लॅबमध्ये काम करायची, तिथल्या कल्पिताने बाळकुमला नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गेलेली संचिता तिच्या स्वयंपाकघरात ड्रॉवर ओढून बघत राहिली. हलकं ढकललं की तो आपला आपण, आवाज न करता मिटायचा. कल्पिता दार उघडायला गेली तेव्हा संचिताने तो आणखी एकदा उघडून सोडला.

मग एका रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी सांगितलं की हाही बिल्डर मागे हटला. संचिता घरी आली, चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मी आता थांबणार नाही. ओटा करून घेऊ या."

वासंतीबाई मटार सोलत होत्या. "बिल्डिंग पडणार आहे."

"आई, ती पडेपर्यंत मी मोडेन."

"दुसरा बिल्डर येईल. त्या ओट्याला काय धाड भरलीय? मला चालतो."

"मला नाही चालत, आई."

इतक्या सरळ शब्दांत ती हे पहिल्यांदाच बोलली होती. सुदेशने टीव्हीचा आवाज कमी केला, मग उगाच पुन्हा वाढवला. वासंतीबाईंच्या हातातली शेंग फुटली, दाणे ताटात न पडता जमिनीवर गेले. ते वेचता वेचता त्या म्हणाल्या, "वरच्या देवधरबाईंचा ओटापण असाच नवा झाला. त्यानंतर सुनेने बाई लावली. आता ती बाई चहा करते आणि देवधरबाई हॉलमध्ये बसून वाट बघतात."

"तुम्हाला कोण बसवतंय हॉलमध्ये?"

"मी देवधरबाईंचं सांगतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वासंतीबाईंनी डबा भरून संचिताच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "करा काय करायचं ते." पुढचे काही दिवस त्या मीठ, दूध आणि पाणी आलं-गेलं एवढ्यापुरतंच बोलल्या. संचितानेही जास्त विचारलं नाही. सकाळचा सगळा स्वयंपाक त्या करायच्या, तेव्हा स्वयंपाकघरात कुणी पाय ठेवलेला त्यांना पूर्वीपासून खपत नसे. "मध्ये येऊ नका, मला सुचत नाही," असं त्या म्हणायच्या. हट्टीपणा आहे, आणखी काय, असं संचिताने मनाशी ठरवून टाकलं आणि पंढरी मिस्त्रीला शनिवारी मापं घ्यायला बोलावलं.

शुक्रवारी लॅबमधलं मशीन बंद पडलं आणि दुपारच्या आतच सगळ्यांना सोडलं. संचिताने किल्लीने दार उघडलं. आतून लाटण्याचा आवाज येत होता. रेडिओ चालू होता, त्यामुळे लॅचचा आवाज आत गेला नसावा. पर्स ठेवायला ती वळली आणि तिचं लक्ष पॅसेजमधून आत गेलं.

वासंतीबाई पाठमोऱ्या होत्या. काहीतरी वेगळं दिसत होतं, ते काय हे तिला आधी कळेना. मग कळलं. सासूबाईंचा अंबाडा चहाच्या डब्यांच्या फळीला टेकेल इतका वर आला होता. तिची नजर खाली गेली. पातळाच्या काठाखाली पाट होता. भाऊबीजेला ज्यावर सुदेशला बसवत, तोच. त्यावर दोन्ही टाचा जुळवून त्या उभ्या होत्या आणि पोळी लाटत होत्या.

संचिता तशीच थांबली. ओटा ज्यांच्या मापाने केला होता, त्यांचाच हात आता त्यावर पोचत नव्हता.

तवा तापला होता. वासंतीबाईंनी डाव्या हाताने कडप्प्याची कड धरली, उजवा पाय सावकाश खाली सोडला, मग डावा. फडताळातून तूप काढलं. परत येऊन पुन्हा कड धरली, पुन्हा चढल्या. हे सगळं इतकं सवयीचं होतं, की त्यांचं ओठातल्या ओठात चाललेलं गाणंही कुठे तुटलं नाही.

संचिताच्या तोंडून "आई" निघणार होतं. ओली फरशी, पेटलेला गॅस, आणि त्या पाटावर. तिने तोंडावर हात ठेवला. आत्ता हाक मारली तर त्या दचकतील. आणि दचकल्या नाहीत तरी त्या वळतील, आणि मग दोघींनाही एकमेकींकडे बघावं लागेल.

ती मागे सरकली, दाराबाहेर गेली, लॅच अगदी हळू ओढून घेतला. जिन्यात थोडं थांबली. मग बेल वाजवली.

आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. दार उघडायला जरा वेळ लागला. वासंतीबाईंना किंचित धाप लागली होती, हाताला पीठ होतं.

"इतक्या लवकर? आणि किल्ली विसरलीस?"

"हो," संचिता म्हणाली. किल्ली तिच्या मुठीतच होती.

"जेवलीस?"

"नाही. दोन पोळ्या आहेत?"

"आहेत की. गरम आहेत. बस."

ती हॉलमध्येच बसली. ताट बाहेर येईपर्यंत स्वयंपाकघराच्या दिशेने तिने पाहिलं नाही.

शनिवारी पंढरी आला तेव्हा सुदेश कल्याणला टाइल्सचे नमुने बघायला गेला होता. पंढरी जवळच्याच कोपर स्टेशनकडचा; या बिल्डिंगमधली निम्मी बाथरूम त्यानेच दुरुस्त केली होती. आल्या आल्या त्याने कडप्प्यावर बोटाने टकटक केलं.

"काकू, दगड चांगला आहे हां. आता असा मिळत नाही."

"मग ठेव तसाच," वासंतीबाई म्हणाल्या.

"वहिनी मला मारतील." त्याने टेप काढली आणि वाकून पडद्याला हात घातला. "खालच्या भिंती बघतो जरा."

"तिथे पसारा आहे," वासंतीबाई झटकन पुढे झाल्या. "नंतर बघ."

"पसाऱ्याला काय काकू, आम्ही रोज तेच बघतो."

"थांबा, मी मोजते," संचिता म्हणाली. "द्या टेप. सिलिंडर हलवावा लागेल, मला माहितीये कसा हलतो ते."

ती पडद्याआड वाकली. पाट भिंतीशी उभा केलेला होता. त्याच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते, घसरू नये म्हणून. खिळे वाकडेतिकडे गेले होते. ठोकणाऱ्याच्या हाताला हातोडीची सवय नव्हती. संचिताने त्यावरून अंगठा फिरवला. मग तांदळाचा डबा पाटासमोर ओढला आणि आतूनच आकडे सांगितले. पंढरीने ते हातावर पेनने लिहून घेतले.

ती बाहेर आली तेव्हा वासंतीबाई खिडकीशी उभ्या होत्या आणि कोथिंबिरीची जुडी सोडवत होत्या. जुडीचा दोरा केव्हाच सुटला होता.

"आता उंची," पंढरी म्हणाला. "साहेब फोनवर बोललेले, वहिनींच्या मापाने घ्या म्हणून. या वहिनी, इथे उभ्या राहा."

"हो, तिच्याच घे," वासंतीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मी आता अशी कितीशी उभी राहणार आहे."

इतकी वर्षं संचिताला नेमकं हेच ऐकायचं होतं. ते इतक्या सहज, कोथिंबीर निवडता निवडता आलं, आणि तिला ते घेता येईना.

"पंढरी, ओटा दोन भागांत करायचा," ती म्हणाली. "सिंककडचा माझ्या मापाने. खिडकीकडचा, शेगडी आणि पोळपाटाचा, आईंच्या."

"पायरी पडेल मध्ये."

"पडू दे."

"दिसायला बरं नाही दिसत वहिनी. हल्ली सगळे एकसारखं सपाट मागतात. फोटोत..."

"फोटो कोण काढणार आहे? सकाळचा स्वयंपाक आई करतात. त्या माझ्या मापाच्या ओट्यावर पोळ्या कशा लाटतील?"

"तू रात्री काय करशील मग?" वासंतीबाईंनी विचारलं. "शेगडी खाली गेली तर पुन्हा तुझी कंबर."

"तसं काही नाही काकू," पंढरीने मान हलवली. "शेगडी स्वतःच वीतभर वर येते. तेवढा भाग खाली असला तर उलट बरं, कढईत डोकावता येतं. वहिनींनी चिरायचं, लाटायचं तिकडे, शिजवायचं इकडे. चालेल." दोघींच्या भांडणात पडायचं नाही, अशा बेताने तो टेपशी खेळत राहिला. "मग काकू, तुम्ही या."

"माझं माप कशाला? जुनाच ओटा आहे की. तेवढाच कर."

"जुन्या ओट्याखाली लादी खचून वरखाली झालीय, काकू, ते माप धरता येणार नाही. आता जमिनीपासूनच धरायला लागेल."

वासंतीबाईंनी कोथिंबीर ठेवली, पदराला हात पुसले आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठ ताठ केली, हनुवटी वर घेतली, कोपर दुमडला. पंढरी टेप लावायला बसला आणि बसल्याबसल्या त्याने संचिताकडे पाहिलं. वासंतीबाईंच्या टाचा जमिनीवर नव्हत्या.

संचिता पुढे झाली. तिने सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर नमस्कार सोडले तर त्यांना हात लावायचे प्रसंग थोडेच आले होते. खांदा तिला वाटला होता त्याहून लहान होता.

"आई, गाणं म्हणत पोळ्या लाटता ना, तशा उभ्या राहा. सैल."

वासंतीबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टाचा सावकाश खाली आल्या.

पंढरीने कोपराखाली चार बोटं धरली आणि पेन्सिलीने भिंतीवर रेघ ओढली. रेघ जुन्या कडप्प्याच्या बरीच खाली आली. त्याने टेप जमिनीला टेकवून आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला.

"किती आलं रे?" वासंतीबाईंनी समोर बघतच विचारलं.

पंढरीने तोंड उघडलं.

"होतं तेवढंच," संचिता म्हणाली.

पंढरीने तोंड मिटलं आणि पेन्सिल कानामागे खोचली. खाली रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

"तेवढंच ना?"

"तेवढंच."

वासंतीबाई भिंतीपासून बाजूला झाल्या. रेघ त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी संचिताचा कोपर धरला, तिला ओढत आपल्या जागी आणून उभं केलं आणि तिची पाठ तळव्याने भिंतीला सरळ टेकवली.

"आता हिचं घे," त्या पंढरीला म्हणाल्या. "आणि हिला मात्र खरा आकडा सांग."