एप्रिलमधली ओल

सावेडीतल्या सत्यशीलाबाईंच्या बंगल्यात हॉलच्या भिंतीला ओल धरली होती. पावसाळ्यात कुणाच्याही भिंतीला ओल येते, पण हा एप्रिल होता. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत सोफ्यामागे रंगाचे पोपडे गळत होते.

बाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान सहादेवराव शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांनी मोबाईलवरची जाहिरात बघून एका कंत्राटदाराला बोलावलं. तो कडक इस्त्रीत आला, हातात एक यंत्र. भिंतीला लावताच ते टीं टीं वाजलं.

"सर, पाया ओल ओढतोय. भिंतीला भोकं पाडून केमिकल भरावं लागेल. आज ठरवलंत तर सूट देतो. अर्धे पैसे आत्ता द्या, उद्या माणसं आणतो."

सहादेवराव पाकीट आणायला उठलेसुद्धा.

"एप्रिलमध्ये घराच्या पायात पाणी येतं कुठून?" बाईंनी विचारलं.

"येतंच मॅडम. सगळीकडे असंच असतं."

"जरा गच्चीवर चला."

उन्हात तापलेल्या गच्चीच्या कठड्याला बाईंनी ते यंत्र लावायला सांगितलं. तिथंही ते तसंच वाजलं. "सेन्सर गरम झाला असेल," असं पुटपुटत कंत्राटदार चहा न घेताच निघून गेला.

दुसरा आला, त्यानं उंबऱ्यातूनच दोन्ही बाथरूम फोडायला सांगितलं. तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "पेशंटला हात न लावता ऑपरेशन सांगतात हे."

मग त्यांनी काष्टीला मावसबहिणीला, भीमाबाईला फोन लावला. "जयभीम. तुझ्या न्हाणीचं काम कुणी केलं गं?"

"रंभाजी मिस्त्रीनं. सगळा हिशेब मिटल्यावर वर्षानं एक फरशी पोकळ वाजाया लागली, तर सांगितल्याबरोबर येऊन बसवून गेला."

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. एसटीनं काष्टीला गेल्या, न्हाणी पाहिली, रंभाजीनं काम केलेल्या आणखी दोन घरांत जाऊन विचारलं. मगच त्याला बोलावलं.

रंभाजीनं आधी सगळ्या भिंती हातानं चाचपल्या. टाकीकडून येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून, घरातले सगळे नळ रिकामे करून तो रात्रभर तसाच ठेवायला सांगितला. सकाळी येऊन पाहिलं, तर ओल तेवढीच.

"तुमचे नळ चांगले हायेत ताई. न्हाण्या फोडू नका."

"मग पाणी येतंय कुठून?"

रंभाजीनं ओलीवर पुन्हा तळवा टेकवला. मग म्हणाला, "मला न्हाई म्हाईत. उकरून बघितल्याबिगर काई सांगनं खोटं हुईल."

सहादेवराव बायकोला स्वयंपाकघरात घेऊन गेले. "अगं, याला काहीच माहीत नाही!"

"हो. आणि तसं सांगणारा हा पहिलाच," बाई म्हणाल्या.

फक्त सोफ्यामागच्या कोपऱ्यातल्या फरश्या काढायच्या ठरल्या. खाली मुरूम निघाला, मग काळी माती, तीही चिंब. रंभाजी कमरेइतका खड्ड्यात उतरला आणि एकदम थांबला. हातानं माती बाजूला करू लागला. चुन्यात बसवलेला एक भाजक्या मातीचा गोल नळ उघडा पडत होता. एका अंगाला तो फुटला होता. त्या फुटीत सिमेंटचं कुजकं पोतं कोंबलेलं होतं. बंगला बांधताना कुणाची तरी कुदळ लागली असणार आणि मालकाला न सांगता त्यानं ते बुजवून टाकलं असणार.

रंभाजीनं पोतं ओढून काढलं आणि घरात वाहत्या पाण्याचा आवाज आला.

रंभाजी खड्ड्यातून वर आला, कडेला काढलेल्या चपला आणखी लांब सरकवल्या, पुन्हा उतरला आणि ओंजळ भरली. पाणी थंडगार होतं, काचेसारखं. बाहेर चाळीस डिग्री ऊन आणि यांच्या सोफ्याखालून कुठला तरी डोंगर झिरपत निघाला होता.

"खापरी नळ," सहादेवराव हळूच म्हणाले. "निजामशाहीतले, डोंगरातलं पाणी शहरात आणणारे. मी पोरांना आयुष्यभर शिकवलं, की हे सगळे कोरडे पडलेत." त्यांनी तोंडावर हात ठेवला. सत्यशीलाबाई जमिनीवर पालथ्या झोपून आत बघत होत्या. आपण एवढी वर्षं या आवाजावर चालत होतो, जेवत होतो, भांडत होतो, या विचारानं त्यांच्या अंगावर शहारे आले.

सहादेवरावांनी पुरातत्त्व खात्याला कळवलं. परवानगी आली तेव्हा रंभाजी म्हणाला, "ह्याला सिमेंट न्हाई चालायचं. चुना पायजे, आन् ते काम मला जमत न्हाई. सासऱ्यांना इचारून येतो." आठवडाभर शिकून आला, फूट सांधली, वर उचलता येईल असा दगड बसवला. पाऊस सुरू व्हायच्या आत भिंत खडखडीत वाळली.

एका रविवारी तो बायकोला घेऊन आला. आपण केलेली दुरुस्ती दाखवायला आणलं असेल, असं बाईंना वाटलं. त्यानं दगड उचलला, नव्या चुन्यावरून नजर पुढे नेली आणि जिथं तो नळ अंधारात सरळ निघून जात होता तिकडे बोट केलं.

"कडूबाई, ह्ये बघ," तो दबक्या आवाजात म्हणाला, जणू तो नळ बांधणारी माणसं जेवायच्या सुट्टीला शेजारीच बसली होती. "ह्ये त्यांनी केलंय."