शिनोजसाठी उठलेला माणूस

आमच्या विडी कारखान्यात सकाळी एकजण वर्तमानपत्र वाचतो आणि बाकीचे विड्या वळतात. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी थोड्या थोड्या वळून द्यायच्या. कण्णूरच्या या भागात ही पद्धत माझ्या वडिलांच्या काळापासून आहे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचताना तो त्रास होत नाही. त्यामुळे कित्येक वर्षं त्या उंच स्टुलावर मीच बसतो. गावात मला ओळख आहे ती तेवढीच.

आणखी एक रीत आहे. आपल्या पक्षाचा माणूस मारला गेला, तर बातमी संपताच वाचणारा उठतो. मग सगळे उठतात, मुठी वर जातात आणि मिनिटभर पानं कापणारी एकही कात्री चालत नाही.

त्या सोमवारी मी नदीपलीकडच्या शिनोजची बातमी वाचली. शिनोज विरुद्ध पक्षाचा. बाजारातून घरी जाताना त्याला गाठून कोयत्याने तोडलं होतं. बातमी संपली आणि मी उठलो. का उठलो, ते माझं मलाच कळलं नाही, सवय असेल. मी उठलो म्हणून सगळे उठले. मुठी वर गेल्यावर माझ्याच वयाची चिरुता पुटपुटली, "अय्यो, हा तर त्यांचा!" पण हात आधी कोणी खाली घ्यायचा, हे कोणालाच ठरवता येईना. तेवढ्यात मिनिट पुरं झालं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी वाचन सुरू व्हायच्या आधीच आमच्या पक्षाच्या शाखेचा सचिव प्रशोभ आला. त्याच्या शाळेच्या दिवसांत मी त्याला वाचनालयातली पुस्तकं काढून देत असे, म्हणून मला तो एट्टा, म्हणजे दादा, म्हणतो आणि जरा जपून बोलतो.

"कणारेट्टा, फार काही नाही. काल चूक झाली, एवढं म्हणा आणि वाचायला लागा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तुमचं स्टूल इथल्याच सुरेशनला द्यावं लागेल. मलाही वरच्यांना उत्तर द्यायचंय."

खरं म्हणजे ती चूकच होती. कारखान्यात येताना रस्त्याने मी तसं स्वतःशी म्हणूनही पाहिलं होतं आणि काही खोटं वाटलं नव्हतं. पण दुसऱ्याने म्हणायला सांगितल्यावर ते तोंडातून निघेना.

"तुम्ही नेमके कुठल्या बाजूचे, तेवढंच सांगा ना," प्रशोभ म्हणाला.

"देवळात बायकांना जाऊ द्या, असं मी इथे वाचलं, वर माझंही तेच मत म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्या सख्ख्या बहिणीने मला सणाला बोलावणं बंद केलं. तेव्हा कुठला होतो मी?"

"आमचेच की!"

"रोहिणीची मुलगी रफीकशी लग्न करणार होती, तेव्हा नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून मी सही केली. तू म्हणालास, निवडणूक होऊन जाऊ दे."

मागे कोणीतरी हसलं. रोहिणी मान खाली घालून पान कापत राहिली.

"बंदच्या दिवशी गरीब रिक्षावाल्याची काच फोडलेली मला पटत नाही. आणि फाशी कोणालाच नको. आपल्या विजेशला मारणाऱ्यालासुद्धा नको. हे मी विजेशच्या आईला सांगितलं. तिने मला दारातूनच परत पाठवलं."

"बरोबरच केलं तिने."

"असेल. माझं मत तेच आहे."

"म्हणजे थोडं इकडचं, थोडं तिकडचं! जमतं बुवा तुम्हाला."

"तिकडचं काही नाही त्यात. सगळं याच स्टुलावर बसून शिकलो. तुम्हीच वाचायला दिलेलं."

"एवढं बोलता येतं होय याला!" चिरुता म्हणाली. "आणि जन्मभर लोकांचंच वाचत बसला मेला."

आता सगळे हसले. प्रशोभ हसला नाही. "मग, चूक झाली म्हणताय ना?"

"काल चुकून उठलो," मी म्हणालो. "आज मुद्दाम उठतो."

मी उठलो आणि मूठ वर केली. या वेळी कोणी उठलं नाही. कात्र्या चालूच होत्या. फक्त रोहिणीची थांबली होती.

मी हात खाली घेतल्यावर प्रशोभने माझ्या दुसऱ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि सुरेशनला दिलं. मी खाली चटईवर आलो. चिरुता थोडी सरकली आणि तिने पानं, तंबाखू ठेवलेलं सूप माझ्याकडे ढकललं.

"तुझ्या वाट्याच्या आता तूच वळ. आणि सैल वळलीस तर फेकून देईन, कणारा."

पहिली सैलच झाली. तिने ती खरंच फेकली.

पहिल्या पानावर शिनोजच्या अंत्ययात्रेचा फोटो होता. सुरेशनने ते पान उलटलं आणि आतल्या रबराच्या भावांपासून सुरुवात केली.

"पहिलं पान राहिलं," मी म्हणालो.

तो वाचायचा थांबला आणि त्याने प्रशोभकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघतोस? पहिलं पान वाच."

कारखान्याच्या पार शेवटच्या रांगेतल्या बायकांनीही माना वर केल्या. चटईवर बसूनही माझा आवाज तिथपर्यंत गेला होता.