झरोक्यातला बोळा

वजनकाटे तपासणे हा त्याचा व्यवसाय होता आणि स्वभावही. प्रयोगशाळेतला सर्वांत नाजूक काटा काचेच्या पेटीत असे, कारण दाराच्या फटीतून आलेली झुळूकही पारड्यावर आपला भार टाकते. पेटी बंद केल्यावाचून मोजायचे नाही, हा तिथला पहिला नियम.

घरी मात्र आईचे माप एकच होते: तांदळावर पेरभर पाणी.

"कोणत्या बोटाचं पेर?" त्याने एकदा विचारले.

"माझ्या. तुझ्या बोटाचा भात हवा असेल, तर शेगडीपाशी तू उभा राहा."

तो खरोखरच उभा राहिला. तांदूळ तोलले, तीन पाण्यांत धुतले, वीस मिनिटे भिजवले. पाणी मोजून घातले. आच मंद केल्यावर झाकण उचलायचे नाही आणि गॅस बंद केल्यावर भात दहा मिनिटे तसाच मुरू द्यायचा, हेही आईला बजावले. तरी भात लहरी तो लहरीच. आज गिचका, उद्या करपलेला.

मग त्याचे लक्ष शेगडीच्या वर, भिंतीतल्या वीतभर झरोक्याकडे गेले. थंडीमुळे खिडकी बंदच असे. जो काही वारा येई तो तिथूनच, आणि ज्योत एका बाजूला झुकवी. काटा असो की शेगडी, झुळूक ती झुळूकच. त्याने जुन्या चादरीचा बोळा करून झरोक्यात ठासला आणि स्वयंपाकघराचे दारही लोटून घेतले. तो रविवार होता. त्या दिवशी भात असा झाला की शिताला शीत चिकटेना.

त्याने एक वही सुरू केली. तारीख, पाणी, वेळ, भाताचा दर्जा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सहा आठवड्यांत एक गोष्ट स्पष्ट झाली: रविवारचा भात उत्तम, इतर दिवसांचा पूर्वीसारखाच.

"आई, मी कामावर गेलो की बोळा काढतेस ना तू?"

"काढते. जीव गुदमरतो माझा. शेजारच्या बर्नरवर अंघोळीच्या पाण्याचं पातेलं सकाळभर तापत असतं."

"गुदमरणं म्हणजे मोजमाप नव्हे."

"तुझ्या बापालाही असंच उत्तर सुचायचं," ती म्हणाली. मग थकून हसली. "बरं बाबा. तुझा भात, तुझा बोळा. हात लावणार नाही. झालं?"

हे झाले रविवारी. सोमवारचा भात निर्दोष होता. आई मात्र दिवेलागणीलाच आडवी झाली. डोके ठणकते म्हणाली. त्याने शेऱ्यात लिहिले: आईचे डोके दुखते. चष्म्याचा नंबर तपासणे.

मंगळवारी तो वही घेऊन प्रयोगशाळेत गेला. काट्यांच्या काचा बसवणारा म्हातारा कारागीर त्याच्या खांद्यावरून डोकावला.

"साहेब, तुमच्याकडे भात चांगला झाला की माणसं आजारी पडतात की काय?"

"म्हणजे?"

"हे बघा की. भात उत्तम, डोकं दुखलं. भात उत्तम, मळमळलं. भात उत्तम, पातेल्याचं बूड काळं. इथे भात बिघडला, तर सगळे ठणठणीत!" म्हातारा स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

तो हसला नाही. अक्षर त्याचेच होते. काजळी म्हणजे हवेअभावी अपुरा जळलेला गॅस. अपुरा जळलेला गॅस म्हणजे ज्याला रंग नाही, वास नाही असा विषारी वायू. हे तो शाळेतल्या पोरालाही सांगू शकला असता. निरीक्षणे सहा आठवडे बिनचूक नोंदली होती. वाचली तेवढी नव्हती.

त्याने घड्याळ पाहिले. साडेदहा. आता तांदूळ भिजून शेगडीवर चढले असतील. पातेले सकाळपासून तापत असेल. आणि आई दिलेला शब्द मोडणाऱ्यांतली नव्हती.

घरचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

घर चार गल्ल्या पलीकडे होते. त्याने कुलपात किल्ली दोनदा चुकीची फिरवली. स्वयंपाकघराचे दार त्याने सांगितल्याप्रमाणे घट्ट लोटलेले. आत दोन्ही ज्योती उंच, पिवळ्या आणि अजिबात न हलणाऱ्या. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. गालांवर तरुणपणीचा गुलाबी रंग. क्षणभर, केवळ क्षणभर, त्याला ती बरी दिसते आहे असे वाटले.

त्याने गॅस बंद केला, बाहेरचे दार सताड उघडले आणि श्वास कोंडून तिला काखेत धरून जिन्यापर्यंत ओढत नेले. शेजारीण रुग्णवाहिकेला फोन करत खाली धावली. तो आईला हाका मारत राहिला. लहानपणी मारी तशा, एकाच सुरात.

कितव्या हाकेला ते त्याने मोजले नाही, पण तिच्या पापण्या हलल्या. नजर त्याच्यावर ठरायला वेळ लागला. ओठ हलले, तसा तो कान लावून वाकला.

"बोळ्याला..." ती अपराध्यासारखी पुटपुटली, "हात नाही लावला हं मी."