तिसऱ्या चौकोनातले आजोबा

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही जे पॅड काखेत मारून नेता ना, त्याच जातकुळीतला मी. फक्त वयाने बराच मोठा. ज्यांच्या हाताखाली माझी हयात गेली, ते मला साधं 'पुठ्ठा' म्हणत. मला तेच नाव आवडतं.

लाकडाच्या भुशाचा लगदा तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून माझं अंग तयार झालं. वर चाप बसवताना दोन खिळे ठोकले, तेवढंच काय ते दुखलं. मग आम्हा चाळीस भावंडांचा गठ्ठा बांधून एका कचेरीत आणला गेला. त्या कचेरीचं काम जगावेगळं होतं. ती काही बनवत नसे, काही विकत नसे. ती लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारी आणि आलेली उत्तरं मोजी. कुणाला कोणता साबण आवडतो, कुणाच्या नळाला किती वाजता पाणी येतं, बस वेळेवर येते का. विचारणाऱ्याच्या डाव्या हातावर मी, माझ्यावर अर्ज आणि अर्जावर पेन. उन्हात लोक मला डोक्यावर धरत, पावसात कागद माझ्या पोटाशी दडवत.

मी ज्या ताईंच्या वाट्याला आलो, त्यांनी मला कधी आपटलं नाही. माझा एक कोपरा फुगला तेव्हा त्यांनी त्याला चिकटपट्टी लावली. "हा पुठ्ठा माझ्या आधी निवृत्त होणार नाही," असं त्या मैत्रिणींना सांगत. एवढ्या एका वाक्यावर मी किती जिने चढलो, त्याचा हिशेब नाही.

मग ते मैदानाचं काम आलं.

शहराच्या मधोमध एक जुनं मैदान होतं, भोवती दगडी पायऱ्यांचे सज्जे. ते पाडून तिथे मोठं नवं क्रीडासंकुल बांधायचं ठरत होतं. खाली गाड्या लावायला दोन मजले, वर प्लास्टिकचं गवत आणि चारही बाजूंना दुकानं. निम्मं शहर म्हणे, कधी होतंय एकदाचं. निम्मं म्हणे, आमच्या प्रेतावरून जा. तेव्हा लोकांना एकदाचं विचारूनच घ्या, असं ठरलं आणि बाराशे अर्ज छापून आले. मुख्य प्रश्न एकच होता: जुनं मैदान पाडून नवं बांधावं का? पुढे तीन चौकोन होते. हो. नाही. सांगता येत नाही.

आमच्या कामाचे नियम मोठे कडक असतात, मित्रांनो. वाटेल त्या दारात जायचं नाही. रस्त्याच्या उजव्या हाताने प्रत्येक सातवं घर घ्यायचं. घरात जो पुढे पुढे करील त्याला विचारायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येतोय, त्यालाच विचारायचं. आणि उत्तर आलं नाही तर मनात दहा आकडे मोजायचे, मग तिसऱ्या चौकोनात खूण करून पुढच्या प्रश्नाला लागायचं. सगळ्या अर्जांची बेरीज करणारे आमचे बेरीजसाहेब म्हणत, "लोकांना बोलू दिलं तर बोलत बसतील. आपल्याला खूण हवी, कथा नको."

त्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. ताईंची लेक सहा वाजेपर्यंत पाळणाघरात असे. आदल्याच आठवड्यात दहा मिनिटं उशीर झाला, तर ती एकटी पायपुसण्यावर बूट घालून बसलेली सापडली होती. त्या दिवसापासून ताई घड्याळाकडे बघत नसत, घड्याळच त्यांच्याकडे बघत असे.

सातवं घर दुसऱ्या मजल्यावरचं निघालं. दार सुनेने उघडलं. मुलगा आतून ओरडत आला, "मैदानाचं ना? लिहा, पाडा म्हणून लिहा!" ताईंनी सगळ्यांचे वाढदिवस विचारले. सर्वांत आधी येत होता आजोबांचा.

"त्यांना विचारणार?" सून हसायलाच लागली. "अहो, चहा घेणार का विचारलं तर चहा गार झाल्यावर हो म्हणतात ते!"

आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांच्या बोटांच्या पेरांत पांढरं काहीतरी कायमचं मुरलेलं होतं. ताईंनी प्रश्न वाचला. आजोबांनी डोळे मिटले. ताई मोजू लागल्या. एक, दोन, तीन... तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. पाळणाघराचाच. चार, पाच, आणि मग आठ, नऊ, दहा.

पेन तिसऱ्या चौकोनात टेकलं. मला ते अगदी छातीवर जाणवलं. आणि मी जे बघितलं ते ताईंनी बघितलं नाही. आजोबांनी डोळे उघडले होते आणि ओठ नुकते विलग केले होते. ताई तोवर "धन्यवाद हं, आजोबा" म्हणत चपलांत पाय सरकवत होत्या.

महिन्याभराने निकाल वर्तमानपत्रात आला. हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे जवळपास सारखे निघाले. पण तिसऱ्या चौकोनात जवळजवळ एक तृतीयांश माणसं होती. मथळा असा होता: 'शहरातल्या तिघांमधल्या एकाला मैदानाचं सोयरसुतक नाही.' आणि त्याच्याच खाली कुणा अधिकाऱ्याचं म्हणणं छापलं होतं की, इतक्या लोकांची हरकत नसेल तर काम थांबवायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा कचेरीत आले. एकटे. खिशात कात्रणाची चौपदरी घडी.

"बाई, मला ओळखलंत?"

ताई उठून उभ्या राहिल्या. ओळखलं होतं. मला वाटतं, इतके दिवस त्या कुणालाही न सांगता खिडकीजवळच्या त्या खुर्चीचाच विचार करत होत्या.

"तुम्ही गेलात तेव्हा मी बोलायच्या बेतात होतो," आजोबा म्हणाले. "मग माझं काय लिहिलंत?"

खोटं बोलता आलं असतं. गठ्ठे बांधून झाले होते, कोण बघणार होतं? पण ताई म्हणाल्या, "सांगता येत नाही असं लिहिलं, आजोबा. मी दहापर्यंत मोजलंसुद्धा नाही. लेकीला आणायला जायचं होतं."

आजोबांनी मान हलवली. रागाने नव्हे. "लेक वेळेवर मिळाली ना?"

"मिळाली."

"मग ठीक. पण माझ्या नावावर सोयरसुतक नाही असं नको हो. त्या मैदानावर एकतीस वर्षं रोज सकाळी मी फक्की मारली आहे."

फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड. ताईंनी त्यांना बसायला दिलं, मला हातावर घेतलं, कोरा कागद लावला आणि प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी त्यांनी काही मोजलं नाही. आजोबांनी डोळे मिटले. टेबलावरचा पंखा दोनदा इकडून तिकडे फिरला. कुणीतरी चहा ठेवून गेलं. मित्रांनो, एवढा वेळ कोऱ्या कागदाखाली मी कधीच पडून राहिलो नव्हतो.

"पाडा," आजोबा म्हणाले.

ताईंचं पेन हललं नाही.

"सज्ज्याला तडे गेलेत. पहिला तडा मीच दाखवला होता. उद्या एखादं पोर दगडाखाली यायचं. तेव्हा पाडाच. पण माती ठेवा. त्या प्लास्टिकच्या गवतावर म्हणे रेषा कारखान्यातूनच येतात, पुसत नाहीत. चांगलं असेल. पण सकाळी मी रेषा मारायचो ना, तेव्हा पोरं काठावर गप्प उभी राहायची. ताज्या रेषेवर कुणी पाय देत नसे. मला ना, बाई, ते एकदा परत बघायचंय. रोज सकाळी एक माणूस लागेल असं मैदान बांधा. एवढंच."

ताईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला आणि कागद बेरीजसाहेबांपुढे ठेवला. साहेबांनी चष्मा वर केला. "हे हो आहे की नाही?"

"दोन्ही आहे, साहेब."

"दोन्हीला चौकोन नाही. आणि अहवाल गेलाय. आता बदलता येत नाही."

"मग रद्द करा," ताई म्हणाल्या. "जे उत्तर त्यांनी दिलंच नाही, ते त्यांच्या नावावर नको."

"रद्द केला तर कारणाच्या जागी तुमची चूक लिहावी लागेल. सही तुमची. आणि निकालात काडीचा फरक पडणार नाही, सांगून ठेवतो."

ताईंनी मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याच अंगावर आजोबांचा जुना अर्ज धरून 'रद्द' लिहिलं, कारण लिहिलं आणि सही केली. माझ्यावर हजारो खुणा झाल्या, पण इतकं दाबून कुणी लिहिलं नव्हतं. कचेरीच्या नोंदीत बाराशेचे अकराशे नव्व्याण्णव झाले. आजोबांनी सांगितलेला कागद मात्र साहेबांनी परत केला. तो कुठल्या गठ्ठ्यात घालायचा हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मी आता कुठेच नाही का?" जिन्यात आजोबांनी विचारलं.

"कुठेच नाही, आजोबा." मला काखेत धरून ताई त्यांना सोडायला आल्या होत्या.

"बरं झालं. दुसऱ्याच्या जागेवर बसण्यापेक्षा मी उभाच बरा." आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत ते गेले.

मैदान पडलं. भोवती पत्रे लागले. खाली गाड्यांचे मजले खणले जाताहेत, असं कचेरीत बोलताना मी ऐकलं. माती ठेवली की नाही, ते मला कुणी सांगितलं नाही. ताई त्यानंतरही कितीतरी दारांत गेल्या. त्या थांबत. त्यांचे अर्ज सगळ्यांत कमी भरत आणि साहेबांची बोलणी त्या खाली मान घालून खात. मग कचेरीने सगळ्यांना पडदेवाली यंत्रं दिली. त्यांत दहा आकडे यंत्रच मोजतं आणि पुढचा प्रश्न आपोआप येतो. ताईंनी ती नोकरी सोडली. जायच्या दिवशी त्यांनी मला पुसलं, माझ्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि कपाटावर ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे. अंगावर जुन्या अर्जांची खोकी आहेत. चाप गंजून आवळलाय. आता कागद आत सरकवायला दोन माणसं लागतील.

मित्रांनो, मला पुन्हा जिने चढायची फार हाव नाही. पण प्रश्न विचारून झाल्यावर आणि उत्तर यायच्या आधी जी शांतता पडते, तिची मला आठवण येते. त्या वेळी कागद कोरा असतो, पेन हवेत असतं आणि समोरचा माणूस डोळे मिटून कुठेतरी लांब गेलेला असतो. तो परत येईपर्यंत त्याची जागा धरून ठेवायची, एवढंच माझं काम होतं.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, ज्याचा चहा गार होतो. त्यांना काही विचारलंत, तर पेन उचललेलं राहू द्या. घाईने खूण करू नका. आणि केलीच, तर ती खोडायला परत जा. माझ्यासारखा जुना पुठ्ठा सापडला, तर त्यालाही बरोबर न्या. त्याला थांबायची सवय असते.