शाळेच्या अंगणातली हिरवी हवामानपेटी

मी एक जुनी हवामानपेटी आहे. हसू नका, मित्रांनो. पेटी म्हटलं की लोकांना दागिने आठवतात, पत्रं आठवतात. हवा मोजणारी आमची जात कुणाच्या खिजगणतीत नसते.

दक्षिण सर्बियातल्या या शाळेत वुकोसावाबाई विज्ञान शिकवतात. नदीपलीकडच्या शाळेत रादिसाव सर भूगोल शिकवतात. हवामान बदलतंय हे पोरांनी नुसतं घोकू नये, स्वतः मोजून पाहावं, असं दोघांनी ठरवलं. मोडक्या बाकांच्या फळ्या तासून सरांनी दोन पेट्या केल्या. मी इकडे, माझी बहीण तिकडे. आत तापमापक, चारी बाजूंना वाऱ्यासाठी फटी आणि ऊन परतवायला पांढरा रंग. रोज दुपारी दोन्हीकडची मुलं फोनवर आकडे ताडून पाहत आणि फरक का पडला यावर कडाकडा भांडत. त्या भांडणात मला मान होता.

मग मुख्याध्यापक तिहोमीर आले. या गृहस्थांचं पर्यावरणप्रेम फोटो निघेपर्यंत टिकायचं. त्यांनी 'हवामान साक्षरता सप्ताह' जाहीर केला आणि मला गडद हिरवा रंग फासला.

"अहो, काय केलंत हे! गडद रंग ऊन पितो. आता ही खोटं सांगेल," बाई म्हणाल्या.

"पर्यावरण हिरवं असतं, बाई. एवढंही ठाऊक नाही?"

एवढ्या अकलेवर माणूस शाळा चालवतो!

समारंभ जूनच्या भर दुपारी. पाहुणे मांडवात पंख्याखाली चीजची गिबानित्सा चापत होते. मुलं उघड्या डांबरावर, हातात कागदी झाडं धरून. एक पाहुणा तापत्या पृथ्वीसाठी गळा काढत होता. समोर छोटी यागोदा भोवळ येऊन कोसळली, तरी त्याचं वाक्य काही अडलं नाही.

बाईंनी माझं दार उघडलं. "एक्केचाळीस! मुलांना सावलीत न्या आधी."

"ही पेटी खोटं बोलते, तुम्हीच म्हणालात ना?" तिहोमीर कुत्सितपणे हसले.

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "रादिसाव, तुमची पांढरी काय म्हणते?"

"अडतीस! आमची पोरं केव्हाच तुतीखाली बसवलीत. तुमची कुठायत?"

सरांचा आवाज खणखणीत. अख्ख्या मांडवाने ऐकला.

"तीन अंश तुमच्या रंगाचे, साहेब. अडतीस खरे," असं म्हणून बाईंनी यागोदाला उचललं. "चला रे सगळे, सावलीत!"

अंगण रिकामं झालं. पाण्याचे हबके बसल्यावर यागोदाने डोळे उघडले. पाहुणा मात्र डांबराला उद्देशून बोलतच राहिला.

बाईंना ताकीद मिळाली, तिहोमीरना प्रशस्तिपत्र. मला सायकलींमागे ढकललं. तरी यागोदा तिथं येते, आकडा वाचते आणि नदीपलीकडे फोन लावते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. लाकूड आहे, कुजेन. पण पृथ्वीच्या तापाबद्दल बोलायला उभे राहाल, तेव्हा समोरची पोरं उन्हात तर नाहीत ना, एवढं आधी बघा.